मास्तर कोरडे झाले

मास्तर पँटी शिवायचे. फक्त पँटी. शर्टाचं कापड घेऊन कुणी आलं तर मान वर न करता समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. पँटीचं गिऱ्हाईक मात्र पायरी चढून आत येईपर्यंत त्याची कमर, सीट, उंची आणि पायाची मोहरी मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेली असायची. टेप लावायचा तो फक्त गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. हाताखाली दोन कारागीर होते, दोघंही पन्नाशी उलटलेले, पण कापडाला कात्री लावायची ती मास्तरांनीच. सकाळी दहापासून दुकान बंद होईपर्यंत ते कापायच्या टेबलापाशी उभे. चाळीस वर्षं उभ्यानं काढली, असं ते अभिमानानं सांगत.

जिभेलाही त्यांच्या चांगली धार होती. एखादा सुटलेल्या पोटाचा माणूस आला की म्हणायचे, "साहेब, कापड वाढवून आणताय, की तुम्हीच थोडे कमी होऊन येताय?" माणूस हसायचा, कारागीर हसायचे. मास्तरांचं बोलणं म्हणजे दुकानातली करमणूकच होती आणि ती करमणूक ते घरीही घेऊन जायचे.

बायको दुकानाची काज-बटणं आणि तुरपाई घरी बसून करायची. दोन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली, तेव्हाचं बाळंतपण तिला फार जड गेलं. मूल मोठं, अडलेलं, शेवटी चिमटा लावून ओढून काढलं. टाके किती पडले ते तिला कुणी सांगितलं नाही. टाके सुकले, पण खोकलं की, शिंकलं की, पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी कपड्यात जायची. थोडी म्हणता म्हणता बरीच जायला लागली. दुकानातून येणाऱ्या चिंध्यांमध्ये खिशाचं सुती कापड असायचं. त्याच्या ती जाड घड्या शिवायची, वापरायची, धुवायची आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी वाळत घालायची.

मुलगी दोन वर्षांची असताना ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवायचं का?"

"काय दाखवणार?" मास्तर म्हणाले. "तीन पोरं झाल्यावर असं व्हायचंच. सगळ्या बायकांचं होतं."

त्यानंतर वर्षभरातच मास्तरांच्या धाकट्या भावानं नवं घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर भाऊ आपल्या साहेबाची नक्कल करून दाखवायला लागला. नक्कल फर्मास होती. मास्तरांची बायको पोट धरून हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. नव्या सोफ्याच्या फिकट गादीवर डाग पसरत चालला होता. सगळ्यांनी पाहिला. कुणीतरी दुसरा विषय काढला असता तर निभावलं असतं. पण मास्तर तिथंच होते.

"अरे, कुणीतरी पाणी बंद करा रे!"

सगळं घर हसलं. तिनं गादीची खोळ काढली, न्हाणीघरात नेऊन धुतली, पिळली, दोरीवर टाकली आणि घरी जायची वेळ होईपर्यंत बाहेर जिन्यात बसून राहिली. त्या दिवसापासून ती 'गळका नळ' झाली. भावाचा फोन आला की आधी हाच प्रश्न, "काय दादा, नळ काय म्हणतोय?" मास्तर म्हणायचे, "म्हणतोय काय, वाहतोय." पुढे वास येतो म्हणून त्यांनी तिची खाट मागच्या खोलीत हलवली. त्या खोलीत शिलाईचं जुनं सामान होतं, एक खिडकी होती आणि आता ती होती. अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. मुलं कामानिमित्त लांब गेली, मुलगी लग्न होऊन सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात गेली. खाट तिथंच राहिली.

मास्तरांना एकसष्टाव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला, गाठ बाहेर पसरलेली नाही, ग्रंथी काढून टाकली की मोकळे व्हाल, असं सर्जन म्हणाले. "त्यानंतर काही दिवस लघवीवर ताबा राहणार नाही," असंही म्हणाले. मास्तरांनी त्यातलं 'काही दिवस' एवढंच ऐकलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. दहा दिवस लघवीची नळी होती, पिशवी होती. पिशवी मांडीला बांधून मास्तर घरात हिंडायचे आणि भेटायला येणाऱ्यांना म्हणायचे, "आपली टाकी बरोबर घेऊन फिरतो." अकराव्या दिवशी नळी काढायला गेले. नर्सनं सिरिंजनं नळीच्या आतल्या टोकाचा फुगा रिकामा केला, श्वास सोडा म्हणाली आणि नळी ओढून घेतली. मास्तर खाटेवरून उतरून उभे राहिले. मांडीवरून काहीतरी कोमट खाली उतरतंय असं वाटलं, म्हणून त्यांनी पाहिलं. पायजम्याचा एक पाय गडद झाला होता आणि चपलेभोवती थारोळं साचत होतं. त्यांनी जिवाच्या आकांतानं थांबवायचा प्रयत्न केला. कशानं थांबवायचं तेच सापडेना. जिथं आयुष्यभर एक झाकण होतं, तिथं काहीच नव्हतं.

"होतं असं, काका," नर्स म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

बायको भिंतीपाशी पिशवी धरून उभी होती. तिनं थारोळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांना वाटलं ही आता काहीतरी बोलणार. पिशवीतून तिनं कोरडा पायजमा काढला. म्हणजे ती घरून घेऊन आली होती. तिला ठाऊक होतं.

घरी त्यांच्या गादीवर मेणकापड अंथरलेलं होतं. मेणकापडाच्या कडेला व्यवस्थित दुमड घातली होती. मास्तरांनी ती तुरपाई ओळखली.

"हे तुझ्या खोलीतलं आणलंस?"

"माझंच निम्मं कापून दिलं," ती म्हणाली. "उताणं झोपलात तर फारसं जायचं नाही. उठताना जाईल."

तिचं खरं निघालं. झोपल्यावर मास्तर कोरडे असायचे. पाय जमिनीला लागले की सुरू. दिवसाला सात पॅड लागायची. संध्याकाळी तर अंगातला जोरच संपायचा आणि नुसतं चाललं तरी वाहायचं. मांड्यांना कातडं निघेस्तोवर खाज सुटली. एकदा पॅड संपली आणि औषधाचं दुकान अजून उघडायचं होतं, तेव्हा तिनं खिशाच्या कापडाच्या चार घड्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"हे वापरू?" मास्तर घडीकडे बघत म्हणाले.

"मी वापरते."

बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. मास्तरांनी घडी आत सरकवली. ती खरखरीत होती, चालताना एका बाजूला गोळा व्हायची, आणि ओली झाली की मांडीला गार लागायची. असं कापड घालून ती भाजी आणायला जायची, मुलांच्या शाळेत जायची, लोकांकडे जायची. हा विचार त्यांच्या मनात आला, पण त्यांनी तो फार वेळ राहू दिला नाही.

महिन्याभरानं भाऊ बायकोला घेऊन समाचाराला आला. चहा झाला. मास्तरांना ठसका लागला आणि खुर्चीत जे व्हायचं ते झालं. लेंग्यातून बाहेर आलं. भावानं पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा, दादा! आता घरात दोन-दोन नळ गळके! प्लंबरच ठेवा कायमचा!"

त्याची बायको तोंडाला रुमाल लावून हसली. मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला, ओठ वाकडे झाले तेवढेच. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वाटलं, निदान ही तरी भावाला दोन शब्द सुनावेल. ती कपबश्या गोळा करत होती. कपबश्या घेऊन ती शांतपणे आत गेली आणि नळ सोडून त्या विसळायला लागली. मास्तर ओल्या खुर्चीत बसून राहिले, कारण उठलं तर अजून लघवी गेली असती.

लघवी धरायचे व्यायाम शिकवणारी बाई हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसायची. तिशीची, केस आखूड कापलेले, बोलायला सरळ. सर्जननी पाठवलं म्हणून मास्तर गेले. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, म्हणून बायकोला घेऊन गेले.

"काका, वारा सुटू नये म्हणून आपण जे आवळून धरतो ना, ते आधी आवळा. आणि त्याच वेळी लघवीची धार मध्येच तोडायचीय असं समजून पुढूनही आत ओढा. पोट नाही आवळायचं. ढुंगण नाही. श्वास चालू."

मास्तरांनी दात आवळले, कपाळाच्या शिरा आवळल्या, दोन्ही मुठी आवळल्या.

"चेहऱ्यानं काही थांबत नाही, काका," ती म्हणाली. "खाली. आतल्या आत वर उचलल्यासारखं. पाच अंक धरा, सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. दहा वेळा. दिवसातून तीनदा. आणि उठायच्या आधी, खोकायच्या आधी, शिंकायच्या आधी, काही उचलायच्या आधी आवळायचं. नंतर नव्हे."

मग तिनं टेबलाच्या खणातून चित्रांचा एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. गुडघे वाकवून उताणी झोपलेली आकृती, खुर्चीवर बसलेली आकृती, उभी आकृती. प्रत्येकीच्या कमरेखाली एक वर जाणारा बाण.

मास्तरांनी कागद हातात घेतला. असा कागद त्यांनी पूर्वी हातात धरलेला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायकोनं विचारलं, "हे बायकांना चालतं का हो?"

"काकू, हे मुळात बायकांसाठीच निघालं. बाळंतपणानंतर लघवी गळते ना, त्यासाठी. पुरुषांना मागून शिकवायला लागले. का? तुम्हाला त्रास आहे?"

"आहे."

"किती दिवस?"

"धाकटीला सव्विसावं चालू आहे."

त्या बाईनं लिहिणं थांबवलं. "सव्वीस वर्षं? आणि तुम्हाला एकदाही कुणी सांगितलं नाही?"

"नाही," बायको म्हणाली. "मला वाटलं, याला काही नसतंच."

मास्तर कागदातल्या बाणाकडे बघत बसले.

त्यांना सगळं आठवलं होतं. प्रसूतिगृहातून घरी सोडायच्या दिवशी एका म्हाताऱ्या नर्सनं त्यांना बाजूला बोलावून असाच कागद दिला होता. "टाके खूप आहेत. त्यांच्याकडून हे रोज करून घ्या आणि सहा आठवड्यांनी दाखवायला आणा. विसरू नका." त्यांनी तो कागद शर्टाच्या खिशात घातला. बायको-मुलीला घरी सोडून ते थेट दुकानात गेले. एक गिऱ्हाईक घाईत होतं, मापाची वही सापडेना, म्हणून त्यांनी खिशातला कागद काढून उलट्या बाजूला मापं लिहिली आणि कापडाला टाचणीनं टोचून ठेवला. पँट झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, कागद चिंध्यांत गेला. सहा आठवड्यांनी शिलाईचा मोसम ऐन भरात होता.

त्या बाईनं पडद्यामागे नेऊन बायकोला तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, "काकू, स्नायू ढिले पडलेत, पण मेलेले नाहीत. आजपासून लागा."

मग त्या घरात व्यायाम सुरू झाले. मास्तर पुढच्या खोलीत, ती मागच्या. मधल्या भिंतीतून तिची मोजणी ऐकू यायची. एक, दोन, तीन, चार, पाच. सोड. मास्तरांना तीन अंकांच्या पुढे धरवायचं नाही. रोजच्या ओल्या पॅडचं वजन करायला त्या बाईनं सांगितलं होतं, तर त्यासाठी तिनं पिठाचा काटा दिला नाही. "माझ्या काट्यावर ते नको," म्हणाली, आणि मास्तरांना दुकानातला जुना तराजू घरी आणावा लागला. पहिल्या महिन्यात दिवसाला चारशे ग्रॅम. तिसऱ्या महिन्यात दोनशेच्या आसपास. तिसऱ्याच महिन्यात एका सकाळी ती घडी न घालता बाजारात गेली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढून आली आणि दारात क्षणभर थांबून स्वतःच्या साडीकडे पाहिलं. साडी कोरडी होती.

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"आता या वयात कोरडं राहून कुठं जायचंय तुला?" ते म्हणाले.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या. "कुठं का जाईना," म्हणाली.

पाचव्या महिन्यात मास्तर दुकानात परतले. दोन पॅड घालायचे, गडद रंगाची पँट घालायचे, चहा सोडला होता. दुपारपर्यंत ठीक गेलं. चारच्या सुमाराला एक जुनं गिऱ्हाईक आलं. आतली उंची घ्यायला मास्तर गुडघ्यावर बसले, माप घेतलं, आणि उठताना आवळायचं विसरले. आवाज झाला नाही, पण दोन्ही पॅडना न जुमानता लघवी थेट मोजडीपर्यंत उतरली. गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरकलं. तेवढंच. एक पाऊल. मग ते म्हणालं, "मास्तर, मी पुन्हा कधीतरी येतो," आणि कापड काखोटीला मारून चालतं झालं. दोघं कारागीर मशीनवर खाली वाकून जिथं टाके नव्हते तिथं टाके घालत राहिले.

मास्तर घरी आले ते भिंतीला धरून. ती बटणं लावत बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, उठली, कोरडे कपडे आणून दिले. मग दाराआडून म्हणाली, "खाली बसलात की उठायच्या आधी मनात एक अंक मोजत जा. मी तसंच करते. 'एक' म्हटलं की आवळलं जातं."

तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं मऊ बोलणं मास्तरांच्या वाट्याला क्वचित आलं असेल. त्यांना भडभडून आलं. बाहेर आले आणि तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. म्हातारी नर्स, तो कागद, खिसा, घाईतलं गिऱ्हाईक, टाचणी. सांगताना त्यांना हलकं वाटत गेलं. बऱ्याच दिवसांनी छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. तो उतरून कुणाच्या छातीवर ठेवला जातोय, इकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

ते थांबल्यावर ती म्हणाली, "काय मापं होती?"

"काय?"

"त्या कागदावर. काय मापं लिहिलीत?"

मास्तरांनी उत्तर द्यायला नको होतं. पण त्यांना ती आठवत होती, आणि आठवलेलं माप न सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "कमर चौतीस, सीट एकोणचाळीस, उंची एक्केचाळीस. मोहरी सोळा."

"मोहरी सोळा," ती म्हणाली. सुईत ओवलेला दोरा तिनं दातांनी तोडला, सुई डबीत ठेवली आणि लावायची राहिलेली बटणं तशीच सोडून उठली.

"अगं, तेव्हा मला काय माहीत..." मास्तर म्हणाले.

"सोफ्यावर तर माहीत होतं ना," ती म्हणाली. "त्या दिवशी तरी कागद आठवला असता."

ती भांडली नाही, रडली नाही. मास्तर वाट पाहत राहिले. भांडली असती तर त्यांना उत्तरं देता आली असती. चार दिवस ती घरातली कामं करत राहिली, पाचव्या दिवशी मुलीला फोन केला आणि सहाव्या दिवशी बॅग घेऊन निघाली. मुलीला सातवा महिना होता. मास्तर तेच धरून बसले.

"बाळंतपण उरकून येशील ना?"

"तिच्याकडून सगळं करून घ्यायचंय," ती म्हणाली. "रोज. मी स्वतः मोजणार आहे."

"आणि मग?"

तिनं बॅगेची चेन ओढली. "तुमचं सुरू ठेवा. सोडू नका. संध्याकाळचा व्यायाम तुम्ही बुडवता, मला ऐकू येतं."

त्याच रात्री मुलीचा फोन आला. आई सहा तासांच्या बसमध्ये एकदाही खाली न उतरता आली, हे सांगताना तिचा आवाज आनंदानं चिरकला होता.

"बरं," मास्तर म्हणाले. "मला काही निरोप?"

"नाही, बाबा."

मुलीला मुलगा झाला. तो पालथा पडायला लागला. मास्तर एकदा जाऊन आले. बायकोनं त्यांना जेवायला वाढलं, नातू मांडीवर दिला आणि झोपायची सोय जावयाच्या खोलीत केली. निघताना त्यांनी 'चल' म्हटलं, तर तिनं बाळाचं तोंड पुसलं. मुलीनं वडिलांना जिन्याच्या खाली गाठलं. "बाबा, आईनं मला सगळं सांगितलंय," म्हणाली. मग जिना चढून वर गेली.

मास्तरांनी व्यायाम सोडला नाही. सोडला असता तर बरं, असं त्यांना कधीकधी वाटायचं, पण अंगाला सवय लागली होती. आठव्या महिन्यात एकच पॅड लागायला लागलं. दहाव्यात तेही संध्याकाळी कोरडं निघायचं. अकराव्या महिन्यात सर्जननी त्यांना खोकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, उड्या मारायला लावल्या आणि हात हातात घेऊन हलवला.

"शंभर टक्के, मास्तर! असे निकाल कमी मिळतात. माझं एक काम कराल? नवे पेशंट घाबरलेले असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलाल?"

पुढच्या आठवड्यात मास्तर एका खोलीत बसले होते. समोर पंचावन्नचा एक माणूस, नळी कालच निघालेली, दोन्ही हात मांडीवर दाबून बसलेला, आणि शेजारी त्याची बायको. मास्तरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कसं आवळायचं, कसं सोडायचं, उठायच्या आधी मनात एक अंक कसा मोजायचा.

"हा एक अंक तुम्हाला डॉक्टरांनी सांगितला?" त्या माणसानं विचारलं.

"नाही. बायकोनं."

"घरच्यांची साथ असली की निम्मं काम होतं," माणसाची बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमच्या मिसेसनी खूप केलं असेल ना?"

"खूप केलं," मास्तर म्हणाले.

"मला भेटायचं होतं त्यांना. मला काहीच सुचत नाहीये. आल्यात का बरोबर?"

"मुलीकडे गेलीय."

"कधी येतील?"

उठायच्या आधी जसं करायचं तसं मास्तरांनी नीट आवळून धरलं, उभे राहिले, आणि दोघांना म्हणाले की संध्याकाळचा व्यायाम बुडवू नका, संध्याकाळचा सगळ्यांत अवघड जातो.